तुमच्या अहवालातलं 'कर्बाचं पान' कसं वाचायचं

शेतकरी बंधू-भगिनींनो, माती तपासणीच्या अहवालाला आम्ही आता एक जादा पान जोडतो. येत्या वीस वर्षांत तुमच्या रानातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे काडीकचरा नि शेणखत कुजून मातीत राहिलेला कार्बन, वाढेल की घटेल, याचा तो अंदाज आहे. हमी समजू नका.

हा हिशेब इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संस्थेच्या 'रोथ-सी' प्रारूपावर, म्हणजे गणिती मॉडेलवर चालतो. तिथे 1843 पासून शेतावर प्रयोग सुरू आहेत. दरमहाचा पाऊस, तापमान, बाष्पीभवन, मातीतल्या चिकणमातीचं प्रमाण आणि रानात परत गेलेला काडीकचरा, एवढी माहिती त्याला लागते. परभणीकडची भारी काळी रानं कर्ब धरून ठेवतात, बालाघाटाच्या माळावरची मुरमाड रानं तेवढा धरत नाहीत. पाणी साचून राहणाऱ्या चिबड रानाला हे प्रारूप लागू पडत नाही, तिथे आम्ही हे पान देतच नाही.

मे महिन्याच्या उन्हात कर्ब जळतो, असं बरेच जण म्हणतात. पण कुजवणाऱ्या जिवाणूंना ओल लागते. खरी झीज पावसाळ्यात होते, ओल आणि ऊब एकत्र आल्यावर. त्यात रान उघडं असलं की आणखी.

एकरभर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 800 टन माती असते. कर्ब 0.40 वरून 0.50 टक्क्यांवर न्यायचा, तर 8 क्विंटल कर्ब मातीत टिकायला हवा, आणि आपण टाकतो त्यातला बराचसा कुजताना हवेत जातो. एका हंगामात आकडा दुप्पट करणारी बाटली कुणी दारात आणली, तर आधी त्याला हा गुणाकार करायला लावा.

कापसाच्या पऱ्हाटीची कुट्टी जरूर गाडा. मात्र तिच्यात नत्र फार कमी असतं, म्हणून ती कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि पुढचं पीक काही दिवस पिवळं दिसतं. चांगल्या कुजलेल्या शेणखताला ही अडचण नाही. स्फुरद, जस्त, लोह यांचे आकडे प्रत्यक्ष तपासणीचे असतात, ते या प्रारूपातून येत नाहीत.

चुनखडीच्या रानात चुन्यातलाही कर्ब असतो. मातीवर पातळ आम्लाचे थेंब टाकले की फसफसून फेस येतो, तोच तो. आम्ही तो धरत नाही. दुसरीकडचा अहवाल आणलात तर त्यावर 'सेंद्रिय' कर्ब लिहिलाय का, तेवढं बघा.

नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको. आणि पाचट पेटवलं असेल तर तसं सांगा. आम्ही रागावत नाही, पण लपवलं तर पानावरचा आकडा खोटा निघतो.