गंज उशिरा येतो, मुदत आधी संपते

2008 च्या वसंतात अमेरिकेतल्या टोयोटा डीलरांच्या वर्कशॉपमध्ये टाकोमा पिकअप एकामागून एक लिफ्टवर चढू लागले. मेकॅनिक खाली उभा राहून हातोडीने चेसिसची फ्रेम ठोकत जायचा. सशक्त पोलाद खणकतं, आतून सडलेलं बद्द वाजतं आणि कधी कधी हातोडी सरळ आत जाते. फ्रेमला 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक सापडलं तर कंपनी गाडी विकत घ्यायला तयार होती, तीही चांगल्या स्थितीतल्या गाडीच्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला. दहा-बारा वर्षं जुन्या पिकअपला एवढा भाव मिळणं ही अचंब्याची गोष्ट होती.

मात्र तो रिकॉल, म्हणजे सुरक्षेतल्या दोषासाठी कायद्याखाली गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, नव्हता. 1995 ते 2000 च्या टाकोमांच्या फ्रेमवर कंपनीने स्वतःहून 15 वर्षांपर्यंत वाढवून दिलेली ती वॉरंटी होती आणि पुढे 2001 ते 2004 च्या गाड्यांचाही तिच्यात समावेश झाला. मालकांच्या बोलण्यात या सगळ्याला सरसकट ‘रिकॉल’च म्हटलं जातं. पण जुन्या गंजलेल्या गाडीचं पत्र घरी येतं तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, की हे कायद्याने आलंय की कंपनीच्या मर्जीने? मर्जीने आलेल्या सवलतीच्या अटी आणि शेवटची तारीख कंपनी ठरवते. हा फरक नीट कळण्यासाठी थोडं मागे, रस्त्यावरच्या मिठापर्यंत जावं लागतं.

अमेरिकेत हिवाळ्यात महामार्गांवर मीठ टाकण्याचं सरसकट धोरण आधी न्यू हॅम्पशायर राज्याने स्वीकारलं, 1941-42 च्या हिवाळ्यात. त्या मोसमात साऱ्या देशात मिळून सुमारे 5,000 टन मीठ रस्त्यांवर पडलं. युद्धानंतर उपनगरं वाढली, रोज गाडीने कामावर जाणारे वाढले आणि बर्फ पडला तरी रस्ता काळाभोर दिसला पाहिजे, ही अपेक्षा रुजली. 1955 मध्ये वर्षाला सुमारे 10 लाख टन मीठ लागत होतं, ते पंधरा वर्षांच्या आत 1 कोटी टनांच्या जवळ गेलं. मिठाने जीव वाचले, यात शंका नाही. पण तेच मीठ गाडीच्या पोटाला चिकटून राहिलं.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहांनी चालणारी क्रिया असल्यामुळे खाऱ्या ओलीत ती वेग घेते. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो फुगतो आणि जोड उकलतो. उणे 9 अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. तिथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि ही क्षारं हवेतला ओलावा ओढून घेऊन पत्रा ओला ठेवतात. बर्फातून आलेली गाडी रात्री उबदार गॅरेजमध्ये उभी केली की तिला जपल्यासारखं वाटतं, पण गोठलेलं खारं पाणी तिथे वितळतं आणि गंजाचं काम रात्रभर चालू राहतं.

पिकअपच्या फ्रेमचा दोष असा, की ती ठिकठिकाणी पोकळ पेटीसारखी असते. आत गेलेला खारा चिखल बाहेर निघत नाही. दरवाजावरचा गंज मालकाला दुसऱ्या दिवशी दिसतो, फ्रेमच्या आतला गंज भोक पडल्यावर. जी गोष्ट मालकाला दिसूच शकत नाही, तिची जबाबदारी देखभालीच्या नावाखाली त्याच्यावर टाकणं मला पटत नाही. टाकोमाच्या बाबतीत तर फ्रेमला गंजरोधक लेप पुरेसा दिलेला नसावा हे कंपनीनेच मान्य केलं होतं. त्या फ्रेम डाना या पुरवठादाराने बनवल्या होत्या. त्या दोघांमधला वाद 2011 मध्ये डानाने 2.5 कोटी डॉलर देऊन मिटवला.

आता कायद्याकडे येऊ. 9 सप्टेंबर 1966 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्या वेळी कंपनीवर बंधन होतं ते दोष कळवण्याचं. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती कायद्यातल्या 1974 च्या बदलाने आली आणि तिला मुदत होती पहिल्या विक्रीपासून 8 वर्षं. फायरस्टोन कंपनीचे टायर फुटून अपघात झाल्याच्या प्रकरणानंतर 2000 साली ती 10 वर्षं झाली, आणि डिसेंबर 2015 मध्ये 15.

कायद्याची नजर होती तुटणाऱ्या स्टिअरिंगवर, पेट घेणाऱ्या टाकीवर. असे दोष सहसा लवकर उघडे पडतात. गंज सावकाश येतो. आठ वर्षांची मुदत असताना गाडीच्या सांगाड्याला पडलेलं भोक बहुतेक वेळा मुदतीच्या बाहेरच सापडणार होतं.

दुसरी अडचण न्यायालयात उभी राहिली. जनरल मोटर्सच्या ट्रकांची चाकं तुटण्याच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 1975 मध्ये ‘दोष’ म्हणजे काय हे सांगितलं. नेहमीच्या वापरात लक्षणीय संख्येने भाग निकामी होत असतील तर तो दोष. मालकाने देखभालीत थोडीफार हयगय केली असली तरी कंपनी सुटत नाही, कारण तेवढी हयगय होणार हे तिला अपेक्षित असायला हवं. हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा होता. पण त्यात एक अपवाद होता: वयाने आणि झिजेने होणारी स्वाभाविक खराबी दोषात धरायची नाही. गंजाची प्रत्येक तक्रार तेव्हापासून या अपवादाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. गंज हे वय म्हणायचं की दोष?

युरोपात याचं उत्तर आधी बाजाराने दिलं. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया या इटालियन कंपनीच्या बीटा मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन पेलणारी सबफ्रेम जिथे जोडलेली असते तिथलाच भाग सडतोय, असं उघड झालं. वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं आणि कंपनीने अशा गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या. नंतरच्या बीटांमध्ये सुधारणा झालेली होती, पण बट्टा साऱ्या नावालाच लागला. लान्सिया 1994 मध्ये ब्रिटनच्या बाजारातून बाहेर पडली. पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून 911 च्या बॉडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली होती आणि ऐंशीच्या दशकात ऑडीनेही तीच वाट धरली. म्हणजे उपाय ठाऊक होता. खर्च कोणी करायचा, एवढाच प्रश्न होता.

ब्रिटनची वार्षिक तपासणी मला याहून महत्त्वाची वाटते. तिथे सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांच्या जोडांपासून 30 सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. गाडी किती जुनी, दोष कुणाचा, असलं काही विचारलं जात नाही. जोड धरेल की नाही, तेवढंच बघतात.

अमेरिकेत सरकारच्या रस्तेसुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, 1998 मध्ये प्रादेशिक रिकॉलबद्दल आपली भूमिका कंपन्यांना कळवली. थोड्याशा काळाच्या हवामानाने घडणारा दोष असेल तर रिकॉल देशभर हवा. वर्षानुवर्षं मीठ लागून घडणारा असेल तर ठरावीक राज्यांपुरता चालेल. इथून वीसेक राज्यांची ‘सॉल्ट बेल्ट’ यादी रिकॉलच्या पत्रांत दिसू लागली. मेन, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, इलिनॉय अशी ही राज्यं, आणि मराठी मंडळांची मोठी वस्तीही यांतल्या कितीतरी ठिकाणी आहे. शिकायला आलेली मुलं पहिली गाडी घेतात ती इथलीच, आणि जुनी. गाडी मात्र राज्याची हद्द मानत नाही. ओहायोत दहा हिवाळे काढलेली गाडी टेक्सासमध्ये विकली जाते आणि पोटातला गंज तिच्याबरोबर जातो.

नोव्हेंबर 2009 मध्ये टोयोटाने 20 थंड राज्यं आणि राजधानीतल्या 2000 ते 2003 च्या सुमारे 1,10,000 टुंड्रा पिकअप परत बोलावल्या. फ्रेमच्या मागच्या आडव्या दांड्याला स्टेपनी टांगलेली असते. दांडा सडला तर चालत्या गाडीखालून स्टेपनी मागच्याच्या वाटेत पडू शकते, शिवाय तिथूनच जाणारी मागच्या ब्रेकची लाइन निकामी होऊ शकते. गंज कमी असेल तर लेप आणि जास्त असेल तर नवा दांडा, असा उपाय ठरला. 2012 मध्ये 2001 ते 2004 च्या सुमारे 1,50,000 टाकोमांनाही स्टेपनीच्या याच भीतीने बोलावलं. एकाच गाडीच्या फ्रेमसाठी वॉरंटी आणि स्टेपनीसाठी रिकॉल अशी ही स्थिती होती. मालकांचा गोंधळ उडाला त्यात त्यांची काही चूक नव्हती.

ऑगस्ट 2010 मध्ये फोर्डने 1998 ते 2003 च्या विंडस्टार व्हॅन परत बोलावल्या. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्या सुमारे 5,75,000 होत्या. मागच्या अॅक्सलमध्ये खारं पाणी साचून तो आतून गंजत होता आणि दुभंगू शकत होता. ही घरातल्या माणसांना, मुलाबाळांना घेऊन फिरणारी गाडी होती. पुढच्या जानेवारीत याच व्हॅनच्या पुढच्या सबफ्रेमसाठी आणखी एक रिकॉल निघाला.

तरी सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही. 1999 ते 2003 च्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेक लाइन गंजून फुटत असल्याच्या तक्रारींची चौकशी एनएचटीएसएने चार-पाच वर्षं केली. गाड्या जवळपास 50 लाख होत्या. एप्रिल 2015 मध्ये चौकशी रिकॉलशिवाय बंद झाली. इतर कंपन्यांच्या तितक्याच जुन्या गाड्यांतही हेच होतं, म्हणून ही वयोमानाची झीज, असं ठरलं. हिवाळ्यानंतर गाडीचं पोट धुवा, लाइन तपासून घ्या, असा सल्ला मालकांना मिळाला. 1975 च्या निकालातला तो अपवाद चाळीस वर्षांनी असा लागू पडला. सगळ्यांच्याच लाइन फुटतात म्हणून कुणीच जबाबदार नाही, हा तर्क मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो.

टाकोमाच्या मालकांनी शेवटी न्यायालयाचा रस्ता धरला. 2005 ते 2010 च्या टाकोमा, 2007-08 च्या टुंड्रा आणि 2005 ते 2008 च्या सिक्वोया एसयूव्ही अशा सुमारे 15 लाख गाड्यांच्या दाव्यात 2016 मध्ये तडजोड झाली आणि 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने तिला अंतिम मंजुरी दिली. एक फ्रेम बदलण्याचा खर्च 15,000 डॉलरच्या आसपास धरून तडजोडीची एकूण किंमत 3.4 अब्ज डॉलरपर्यंत सांगितली गेली. मुदत पहिल्या विक्रीपासून 12 वर्षांची होती आणि मोजमाप पुन्हा तेच, 10 मिलिमीटरचं भोक. 9 मिलिमीटरच्या भोकाचा मालक घरी परतला. त्याच्यासाठी शहाणपण एवढंच होतं, की तपासणीचा लेखी अहवाल आणि फोटो मागून घ्यायचे आणि पुढच्या हिवाळ्यानंतर मुदतीच्या आत पुन्हा जायचं.

जुनी गाडी घेणाऱ्याला एक सोय ऑगस्ट 2014 पासून आहे. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकला की न झालेली रिकॉलची दुरुस्ती दिसते. पत्र नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या मालकाने स्वतः शोधणंच बरं. कंपनीने मर्जीने दिलेली सवलत तिथे दिसेलच असं नाही. ती डीलरला वेगळी विचारावी लागते.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ पडत नाही. पण मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर ते हवेतून येतं आणि चार महिन्यांचा पाऊस ते पत्र्याच्या सांध्यांत मुरवतो. रत्नागिरी-मालवणकडचा डेंटर दरवाजाच्या खालची कड बोटाने दाबूनच पत्रा कुठवर सडलाय ते सांगतो. भारतात वाहन कंपन्यांच्या सियाम या संघटनेने 2012 मध्ये ऐच्छिक रिकॉलची संहिता आणली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि कंपनीला 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे नियम 7 वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांनाच लागू होतात. खासगी गाडीचा सांगाडा सरकारी नजरेखाली येतो तो पंधराव्या वर्षी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. सातव्या ते पंधराव्या वर्षांच्या मधला काळ हाच गंजाचा खरा काळ आहे, आणि त्या काळात किनाऱ्यावरच्या गाडीच्या खाली वाकून पाहणारा माणूस म्हणजे नाक्यावरचा तो डेंटरच.