ओन्सेनचे नियम आले कुठून?

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या स्नानगृहात, म्हणजे ओन्सेनमध्ये, पाय ठेवला की नियम सुरू होतात. अंगावर कपडा नको, कुंडात उतरण्याआधी साबणाने स्वच्छ आंघोळ, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी आणि अनेक ठिकाणी गोंदण असलेल्यांना मज्जाव. हे सगळे एकाच प्राचीन परंपरेतले असावे असे पाहुण्याला वाटते. पण शेवटचे दोन नियम बरेच अलीकडचे आहेत.

जुना आहे तो पाण्यावरचा विश्वास. इझुमो प्रांताच्या ७३३ सालच्या वृत्तांतात तामात्सुकुरीच्या झऱ्याविषयी लिहिले आहे, की एकदा न्हाल्याने रूप उजळते आणि पुन्हा न्हाल्याने सगळी दुखणी जातात. तिथे बायका-पुरुष, म्हातारे-तरुण सारे जमत, बाजार भरे, खाणेपिणे चाले. पुढे शेतीची कामे उरकली की शेतकरी शिधा बरोबर घेऊन अशा झऱ्यांवर मुक्कामाला जाऊ लागले. या उपचाराला ‘तोजी’ म्हणतात. कुसात्सू या झऱ्यांच्या गावचे पाणी इतके आम्ल आणि इतके कढत, की ते निववणे भाग असते. पण त्यात गार पाणी ओतले तर गुण कमी होतो, म्हणून लांब फळ्यांनी गाणी म्हणत ते घुसळतात. ‘युमोमी’ नावाची ही रीत मला साऱ्या ओन्सेन-संस्कृतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १८७६ साली जपानला आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स यांनीही कुसात्सूची महती युरोपला सांगितली.

एदो काळात (१६०३ ते १८६८) स्त्री-पुरुष एकत्र न्हाणे सर्रास होते. सरकारने १७९१ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, बंदी घातली, पण ती नीट पाळली गेली नाही. १८५४ मध्ये कमोडोर पेरींच्या अमेरिकी नौदल पथकाने शिमोदा बंदरातले स्नानगृह पाहिले आणि नाके मुरडली. पाश्चात्त्यांपुढे ‘सुधारलेले’ दिसण्याच्या धडपडीत १८६८ नंतरच्या नव्या मेजी सरकारने १८७२ मध्ये तोक्योत जो नियमसंच काढला, त्यात एकत्र स्नान आणि गोंदणे या दोन्हींवर बंदी होती. परक्यांच्या नजरेची ही भीती माझ्या मते या इतिहासातला सर्वांत खेदाचा भाग आहे.

गोंदणावरची बंदी १९४८ मध्ये उठली. ओन्सेनचा कायदाही त्याच वर्षीचा. उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस हवे, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा हवा, अशी त्यात ओन्सेनची व्याख्या. कायद्याची बंदी गेली तरी गोंदण म्हणजे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांची खूण हा समज पक्का झाला आणि स्नानगृहांनी आपापल्या पाट्या लावल्या.

२०१३ मध्ये होक्काइदोत चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या एका माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी) महिलेला स्नानगृहातून परत पाठवले गेले. त्यावर मोठी चर्चा झाली. २०१५ मध्ये पर्यटन विभागाने पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के ठिकाणी गोंदणवाल्यांना प्रवेश नव्हता. काही ठिकाणी ते चिकटपट्टीने झाकले तर चालते. किनोसाकी या ओन्सेन-गावची सार्वजनिक स्नानगृहे मात्र अशा पाहुण्यांनाही खुली आहेत. हातावर लहानसे गोंदण असले तरी जाण्याआधी विचारून घ्यावे.