कॅसेटकडून सीडीकडे : ध्वनिमुद्रित संगीतातील स्थित्यंतर

ध्वनिमुद्रित संगीत विकण्याचे आणि ऐकण्याचे मुख्य साधन म्हणून कॅसेटची जागा कॉम्पॅक्ट डिस्कने (सीडी) घेतली, तो काळ साधारण १९८२ ते २००० असा धरता येतो. जुने तंत्र हरले आणि नवे जिंकले, इतके हे सरळ नव्हते. आवाजाच्या बाबतीत सीडी पहिल्या दिवसापासून सरस होती, तरी कॅसेटला मागे टाकायला तिला सुमारे दहा वर्षे लागली.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली, ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी. फिलिप्सचे अभियंते लू ऑटेन्स यांच्या गटाने ती घडवली होती. तिची फीत जेमतेम ३.८१ मिमी. रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. ; संगीतासाठी हे दोन्ही तोकडेच. पुढे क्रोमियम डायऑक्साइडचा लेप आला, डॉल्बी पद्धतीने फितीची खरखर कमी केली आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने संगीत खिशात आणून ठेवले. तरीही मूळ अडचणी उरल्याच. फीत ती वाचणाऱ्या चुंबकीय हेडवर घासली जाते, त्यामुळे प्रत्येक वादनात थोडी झिजते. वेग किंचित हलला तरी लांबलेला स्वर थरथरतो. शिवाय प्रतीची प्रत काढत गेले, की दर पिढीला खरखर वाढते.

सीडीत असा स्पर्शच नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० मध्ये तिचे मानक ठरवले : व्यास १२ सेंमी., आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा सोळा अंकांचा. सूक्ष्म खळग्यांची एकच सलग सर्पिल रेषा आतून बाहेर जाते आणि लेसर ती वाचतो. मला यातील खरे कौतुक वाटते ते दोषदुरुस्तीच्या गणिताचे. माहिती विखरून आणि जास्तीच्या अंकांसह लिहिलेली असते, त्यामुळे रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही तरी मूळ अंक जसेच्या तसे परत मिळवता येतात. पहिला सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला.

मग दहा वर्षे का लागली? किंमत हे एक कारण, पण ते एकमेव नव्हे. कॅसेटवर घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता येई. रेडिओवरचे गाणे, मैफल, लेकराचे बोबडे बोल, काहीही. सीडी फक्त ऐकवी. ग्राहकाच्या हातून कॅसेटने दिलेली ही मोकळीक तिने काढून घेतली होती, आणि लिहिता येणाऱ्या सीडी स्वस्त होईपर्यंत, म्हणजे १९९० चे दशक उलटत येईपर्यंत, ती उणीव भरून निघाली नाही. दुसरी अडचण धक्क्यांची. १९८४ मध्ये छोटा सीडी प्लेअर आला, पण चालता चालता तो अडखळे. काही सेकंदांचे संगीत आधीच स्मृतीत साठवणारे प्लेअर आल्यावर हा त्रास कमी झाला. मोटारींत तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर डेकमध्ये सरकवून त्यातून सीडी ऐकली जाई. अमेरिकेत नगांच्या हिशेबाने सीडीचा खप कॅसेटच्या पुढे गेला तो १९९२ च्या सुमारास. त्याच वर्षी आलेली फिलिप्सची डिजिटल कॅसेट मात्र चार वर्षांत बंद पडली.

ऐकण्याची रीतही बदलली. कॅसेटला दोन बाजू असल्याने गाणी दोन्हीकडे सारख्या लांबीत बसवावी लागत आणि नावडते गाणे ओलांडायला फीत अंदाजाने पुढे पळवावी लागे. सीडीवर बटण दाबले की हवे ते गाणे. एका सीडीवर ७४ मिनिटे मावत असल्याने अल्बम लांबले, आणि त्यांत भरतीची गाणीही वाढली, असे माझे मत आहे.

सीडी अविनाशी असल्याचा समज चुकीचा ठरला. तिचा परावर्तक थर छापील बाजूच्या पातळ लाखेखाली असतो. म्हणून खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा अधिक घातक.

या स्थित्यंतरात सर्वाधिक नुकसान घरगुती मुद्रणांचे झाले. विकाऊ अल्बम सीडीवर पुन्हा निघाले, पण एकाच फितीवर असलेल्या मैफली आणि माणसांचे आवाज आपोआप कुठेही उतरले नाहीत. अशा कॅसेटचे अंकीकरण, म्हणजे डिजिटल प्रत, लवकर करावे. त्याआधी हेड स्वच्छ करून त्याचा कोन त्या फितीशी जुळवून घ्यावा, नाहीतर वरचे स्वर दबतात. आणि प्रत निघाली तरी मूळ फीत टाकून देऊ नये.