शार्लट ते नॅशव्हिल: अधिवेशनाला शहरांचा विरोध का होतो?

अमेरिकेतील रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्ष दर चार वर्षांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारावर शिक्कामोर्तब करण्यासाठी राष्ट्रीय अधिवेशन भरवतात. त्याचे यजमानपद मिळवण्यासाठी महापौर, हॉटेलमालक आणि उद्योजक धडपडत असतानाच अनेकदा त्याच शहरातील रहिवासी हे अधिवेशन आपल्याकडे नको, असे ठामपणे सांगतात. या विरोधाची कारणे केवळ पक्षद्वेषात शोधणे रहिवाशांवर अन्याय करणारे आहे.

ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या वेळी व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शकांवर झालेल्या मारहाणीला नंतरच्या चौकशी अहवालाने ‘पोलिसांची दंगल’ म्हटले. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील रिपब्लिकन अधिवेशनाच्या काळात १,८०० हून अधिक लोकांना अटक झाली. त्यातील अनेकांना हडसन नदीवरील ५७ क्रमांकाच्या धक्क्यावर, बसगाड्यांच्या जुन्या आगारात, तेलाने माखलेल्या जमिनीवर जाळीच्या कुंपणात तासन्‌तास डांबून ठेवले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांवरील आरोप टिकले नाहीत, आणि २०१४ मध्ये शहराने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर देऊन दावे मिटवले. सुरक्षेसाठी केंद्र सरकारचे अनुदान मिळते हे खरे, पण बंद रस्ते, ठप्प झालेली दुकाने आणि पोलिसांच्या वर्तनाचे परिणाम शहरालाच भोगावे लागतात.

नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराने २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशन भरवले होते, त्यामुळे तेथील लोकांना या सोहळ्याची माहिती होती. तरीही २०२० च्या रिपब्लिकन अधिवेशनाच्या करारावर १६ जुलै २०१८ रोजी नगरपरिषदेत मतदान होण्यापूर्वी शंभराहून अधिक नागरिकांनी बोलण्यासाठी नावे नोंदवली. सप्टेंबर २०१६ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका कृष्णवर्णीय रहिवाशाचा मृत्यू होऊन उसळलेला उद्रेक ताजा होता, आणि स्थलांतरितांविषयी व वंशाविषयी ट्रम्प यांनी केलेल्या विधानांनी शहरात भीती होती. महापौर व्हाय लायल्स या स्वतः डेमोक्रॅट असूनही त्यांनी यजमानपदाचे समर्थन केले. अखेर परिषदेतील दोन रिपब्लिकन सदस्यांना चार डेमोक्रॅट जाऊन मिळाले आणि करार ६ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. इतक्या निसटत्या बहुमताने घेतलेल्या निर्णयाचे फळही शहराला मिळाले नाही: करोनामुळे पूर्ण भरलेल्या सभागृहाची हमी देण्यास राज्यपालांनी नकार दिल्यावर मुख्य सोहळा फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला हलवण्यात आला, तोही पुढे रद्द झाला आणि शार्लटच्या वाट्याला २४ ऑगस्ट २०२० चे छोटे, औपचारिक कामकाज तेवढे उरले.

टेनेसीतील नॅशव्हिलमध्ये २०२४ च्या रिपब्लिकन अधिवेशनासंबंधीचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील परिषदेने २२ विरुद्ध १० मतांनी फेटाळला. पक्षाच्या निवड समितीने तोवर मिलवॉकीची शिफारस केलेली होती, आणि काही दिवसांतच त्या शहराच्या नावावर शिक्कामोर्तब झाले. मात्र नॅशव्हिलचा प्रश्न तेवढ्यावर संपला नाही. रिपब्लिकन बहुमत असलेल्या राज्य विधिमंडळाने मार्च २०२३ मध्ये ४० सदस्यांच्या नॅशव्हिल परिषदेची संख्या २० वर आणणारा कायदा केला. शहरातील अनेकांनी त्याकडे अधिवेशन नाकारल्याची शिक्षा म्हणून पाहिले, आणि शहराने त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले.