मॅमोग्राफीत एवढं दाबतात कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की स्तनाच्या कॅन्सरसाठी कधी तपासणी करून घेतली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात पुरती एकसुद्धा नाही. जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावल्या.

तपासणीच्या या ०.९ टक्क्यांचं सगळं खापर बायकांच्या लाजेवर फोडणं अन्यायाचं होईल. पुष्कळ जणींना तपासणीबद्दल कुणी कधी विचारलेलंच नसतं. पण ज्यांना विचारलं जातं, त्यांतल्याही बऱ्याच जणी मागे सरतात. दुखत तर काही नाही, मग कशाला? तपासणारा पुरुष असला तर? काही निघालंच तर पोरीचं लग्न कसं जमायचं? आणि हमखास ऐकू येणारं कारण म्हणजे, ‘मशीनमध्ये दाबतात म्हणे, गाठ असली तर फुटून पसरायची.’

पहिल्या कारणाचं उत्तर सरळ आहे. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखायची वाट बघणं म्हणजे गाठीला वाढायला सवड देणं. दाबण्याचं कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, सगळं विज्ञान त्या दाबण्यातच आहे.

हाडाचा एक्स-रे काढणं सोपं असतं. हाड किरण अडवतं, मांस जाऊ देतं, फरक ठळक पडतो. स्तनात हाड नाही. तिथे चरबी, दुधाच्या ग्रंथींचा भाग आणि असलीच तर गाठ, असे तिन्ही मऊ पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. छातीच्या एक्स-रेला वापरतात तसे जोरकस किरण सोडले तर तिन्हींतून ते जवळजवळ सारखेच पार होतील आणि चित्र सपाट येईल. म्हणून मॅमोग्राफीच्या मशीनमधली किरण सोडणारी नळी २५ ते ३२ किलोव्होल्टवर चालवतात. हे किरण मुद्दाम दुबळे ठेवलेले असतात, कारण दुबळे किरणच या मऊ पदार्थांतला फरक दाखवतात.

हा फरक किती? २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे १०० किरण-कण १ सेंटिमीटर चरबीवर सोडले तर सुमारे ६३ पलीकडे जातात. तेवढ्याच ग्रंथींतून सुमारे ४५ जातात आणि कॅन्सरच्या गाठीतून ४३. चरबी आणि गाठ यांत २० कणांचा फरक पडला, पण ग्रंथी आणि गाठ यांत अवघ्या दोनाचा. तरुण वयात स्तनात ग्रंथींचा भाग जास्त असतो, तिथे गाठ याच दोन कणांच्या फरकात लपते. चाळिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर डॉक्टर बहुधा आधी सोनोग्राफी सांगतात, ते यामुळे. उतारवयात ग्रंथींची जागा चरबी घेते आणि मॅमोग्राफी जास्त उपयोगी पडू लागते.

आता जाडी बघा. अर्धी चरबी आणि अर्ध्या ग्रंथी असा ६ सेंटिमीटर जाडीचा स्तन असेल तर १०० कणांपैकी जेमतेम सव्वादोन पलीकडे पोचतात. तोच दाबून ४ सेंटिमीटर केला तर ८ पोचतात. म्हणजे जाडी एक तृतीयांश कमी केली आणि पोचणारे कण साडेतीनपट झाले. त्यामुळे तेवढ्याच स्पष्ट चित्राला कमी किरण पुरतात. जाडी घटली की आत आडवेतिडवे विखुरणारे किरणही घटतात आणि चित्रावरचं धुकं कमी होतं. एकावर एक आलेले पदर पसरतात, त्यांच्यामागे दडलेली गाठ उघडी पडते. आणि स्तन हलत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण अगदी लवकरच्या कॅन्सरची खूण कधी कधी चुन्याच्या (कॅल्शियमच्या) मिलिमीटरहूनही लहान कणांची असते. अर्धा मिलिमीटर हालचाल झाली तरी ते कण पुसट होतात.

हा दाब साधारण १०० ते २०० न्यूटन असतो, म्हणजे १० ते २० किलो वजनाइतका, आणि तोही काही सेकंदच. प्रत्येक स्तनाची दोन चित्रं घेतात, एक वरून आणि एक तिरकं. तिरक्या चित्रात काखेकडचा भाग आणि छातीचा स्नायू यायलाच हवा, कारण स्तनाचे जवळपास निम्मे कॅन्सर वरच्या बाहेरच्या चतकोरात होतात. म्हणून तंत्रज्ञ स्तन पुढे ओढते, खांदा खाली सोडायला सांगते. हे ओढणं उद्धटपणाचं वाटतं, पण लाजेनं खांदा आखडला की नेमका तोच भाग चित्राबाहेर राहतो. फार दुखलं तर थांबवायला सांगा, दाब लगेच सोडता येतो.

दाबल्यामुळे गाठ फुटते किंवा कॅन्सर पसरतो याला काहीही पुरावा नाही. किरणांचं म्हणाल तर संपूर्ण तपासणीत सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) मिळतात. जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून आपल्याला एरवीही दोनेक महिन्यांत तेवढे मिळतात. गाठीचा तुकडा तपासणीसाठी सुईनं काढतात (बायोप्सी), त्या सुईची भीतीही अशीच आहे. तुकडा काढताना सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी सरकतात, पण त्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही. ‘सुई लावली की भडकतो’ या समजुतीनं मात्र वेळ जातो, आणि वेळ गेला की गाठ वाढतेच.

या भीतीवर धंदा करणारेही आहेत. ‘स्पर्श नाही, दाब नाही, किरण नाहीत’ म्हणत अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याची शिबिरं भरतात. ही थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं स्पष्ट बजावलं आहे. पॅकेजमध्ये मिळणारी सीए १५-३ ही रक्ततपासणीही लवकरचा कॅन्सर शोधायला निरुपयोगी आहे.

मॅमोग्राफीला जायचं ठरलं तर पाळी येत असल्यास ती संपल्यानंतरचा आठवडा निवडा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत आणि छातीला पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्यानं कॅन्सर होत नाही, पण त्यातले कण चित्रात चुन्याच्या कणांसारखे दिसतात. मंगळसूत्र काढावं लागतं. साडी-ब्लाउज सोयीचा, कारण कमरेवरचेच कपडे उतरवायचे असतात. बाई तंत्रज्ञ आहे का आणि मशीनला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आहे का, हे फोनवरच विचारा. परत बोलावलं तर हातपाय गाळू नका. अमेरिकेत शंभरातल्या सुमारे दहा जणींना आणखी चित्रांसाठी बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो.

आणि मशीन नकोच असेल, किंवा जवळपास नसेल, तर? सरकारच्या कॅन्सर तपासणी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी मशीन नाहीच. दर पाच वर्षांनी हातानं तपासणी आहे. तिची परीक्षा मुंबईतच झाली. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, म्हणजे उशिरा, सापडलेले कॅन्सर ३७ टक्के होते, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

ही तपासणी बायकाच करतात, पडद्याआड. आधी बसवून हात वर आणि कमरेवर ठेवायला सांगतात. त्वचा कुठे ओढली गेली आहे का, बोंड आत वळलंय का, ते बघतात. मग आडवं झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मध्यम आणि खोल अशा तीन दाबांनी, गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत चाचपतात. शेवटी काख. पाच-दहा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उरकलं आणि काख बघितलीच नाही, तर ‘ताई, काख राहिली’ असं म्हणायला संकोचू नका.