ॲक्टिन की मायोसिन: ओढतं कोण आणि सरकतं कोण?

ॲक्टिन आणि मायोसिन या स्नायूतल्या दोन प्रथिनांची अदलाबदल भल्याभल्यांची होते, कारण दोन्ही नावं कायम जोडीनेच येतात आणि आकृतीत दोन्ही नुसत्या आडव्या रेघा दिसतात. जाडीचं आधी उरकून टाकू: ॲक्टिनचा फिलामेंट (म्हणजे धागा) बारीक, साधारण 7 नॅनोमीटर, मायोसिनचा जाड, 15 च्या आसपास. एवढ्यावर मार्क मिळतात, पण खरी गंमत कामात आहे.

ओढणारा मायोसिन. एका जाड फिलामेंटमधे 300 च्या आसपास रेणू, प्रत्येकाला दोन डोकी, आणि ही डोकी ॲक्टिनला धरतात, वाकतात, सोडतात, पुढे जाऊन परत धरतात. रस्सीखेचेत हात बदलत दोर ओढतात ना, तसंच, फक्त इथे सगळे हात एकदम सुटत नाहीत, नाहीतर ओढलेला दोर परत मागे गेला असता. ॲक्टिन म्हणजे तो दोर, पण अगदीच बिचारा नाही हां, स्विच त्याच्याकडे असतो! त्याच्यावर ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन धरायच्या जागा झाकून बसलेलं असतं, नर्व्हचा सिग्नल आला की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ट्रोपोनिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि ते झाकण बाजूला सरकतं. म्हणजे कॅल्शियमचं खातं ॲक्टिनकडे, एटीपीचं (म्हणजे पेशीच्या इंधनाचं) मायोसिनकडे.

एटीपीवरून अजून एक घोळ होतो. सगळ्यांना वाटतं तो धरायला लागतो, पण उलटं आहे, डोकं सुटायलाच नवीन एटीपी येऊन चिकटावा लागतो, मग तो तुटतो आणि त्यातून डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. मेल्यावर शरीर ताठ होतं ते यामुळेच, एटीपी संपलेला, डोकी धरलेली तशीच.

बरं मग या दोघांत आखडतं कोण? कोणीच नाही! 1954 मधे नेचर या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या टीमचे पेपर आले, एकात अँड्र्यू हक्सली, दुसऱ्यात ह्यू हक्सली (आडनाव एकच, नातं काही नाही, इथेही कन्फ्युजन आहेच), आणि दोन्हीकडे तेच दिसलं की स्नायू आखडताना मायोसिनचा ए बँड (गडद पट्टा) होता तेवढाच राहतो, अरुंद होतो तो नुसत्या ॲक्टिनचा आय बँड (फिकट पट्टा), कारण ॲक्टिन आत सरकतो. त्यामुळे आखडलेल्या सार्कोमिअरच्या (स्नायूच्या आखडणाऱ्या छोट्या एककाच्या) आकृतीत मायोसिन आखूड काढलेला दिसला तर खुशाल समजा, आकृती चुकलीय.