श्रावणात निवडलेला निळा

कोकणात घराला रंग काढायचा तो गणपतीच्या आधी. त्यामुळे जुळ्या दिसणाऱ्या दोन निळ्यांतला एक ठरवायची वेळ नेमकी श्रावणात येते, आभाळ भरलेलं असताना. फसगत होते ती इथेच.

शेडकार्डावर सारख्या वाटणाऱ्या दोन फिक्या निळ्यांत बहुधा एक हिरव्याकडे झुकलेला असतो, दुसरा जांभळ्याकडे. पांढऱ्याचं प्रमाण जास्त असल्याने हा कल लपतो. त्याच पट्टीवरची सर्वांत गडद छटा पाहा: मोरपिशी दिसली तर कल हिरवा, गोकर्णीच्या फुलासारखी दिसली तर जांभळा.

भिंत मिळालेल्या प्रकाशातलाच काही भाग परत पाठवते. पावसात अंगणात गवत, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, शेवाळ, परसात केळी. त्यांच्यावरून आत येणारा उजेड हिरवट असतो आणि हिरव्या कलाचा निळा त्यात आणखी हिरवा होतो. मे महिन्यात तेच अंगण तांबडं. चिऱ्यातली, म्हणजे जांभ्या दगडातली, आणि मातीतली लोहाची ऑक्साइडं निळा प्रकाश शोषतात, तांबडा परतवतात. मग जांभळ्या कलाचा निळा चक्क जांभळट होतो, हिरव्या कलाचा राखाडी. ओटीसमोर उघडं तांबडं अंगण असेल तर हिरवा कल बरा: राखाडी निळा डोळ्यांना खपतो, जांभळट खुपतो. मागल्या दारच्या, केळीच्या सावलीतल्या खोलीत उलट करा.

पारख शेडकार्डावर नको. 2 फूट लांब-रुंद हार्डबोर्डला पांढरा प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्या. दमट हवेत दोन हातांमध्ये चार तास पुरत नाहीत, रात्र जाऊ द्या; इमल्शन सुकल्यावर सहसा थोडा गडद होतो, म्हणून ओल्यावर मत बनवू नका. कडेला 2 इंच पांढरा काठ सोडा, नाहीतर जुन्या पिवळ्या भिंतीशेजारी कुठलाही निळा उगाच निळाशार दिसतो. बोर्ड भिंतीला उभा लावून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत आवडलेला रंग 2700 च्या पिवळ्या दिव्यात मलूल पडतो.

चारही भिंती रंगल्या की एकीवरून दुसरीवर जाणारा प्रकाश दर उडीला थोडा अधिक निळा होतो. खोली बोर्डापेक्षा गडद दिसणारच. मन अडलं तर एक पायरी फिकी घ्या.

श्रावणातच मे महिना पाहायचाय? रात्री दिवे मालवा, सुक्या चिऱ्यावर मोबाइलचा टॉर्च जवळून मारा आणि त्याची तांबूस झाक दोन्ही बोर्डांवर पडू द्या.